अव्वाच्या पोटाचा तुकडा

बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपायानं दारात येऊन सांगितलं, "बाई, तुमचे मालक खाली उभे हायत." माझे यजमान शिवराज दुकान सोडून शाळेकडं कधी फिरकत नाहीत. मुरुमच्या बाजारात त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, आणि पेरणीच्या दिवसांत तर ते जेवायलासुद्धा घरी येत नाहीत. मी जिना उतरून गेले. ते मोटारसायकलवरून खाली उतरलेलेच नव्हते. "नंदा गेली," म्हणाले. "कुठं?" मी विचारलं... खरंच विचारलं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि गाडी सुरू केली.

नंदा म्हणजे महानंदा, शिवराजची धाकटी बहीण, माझी नणंद. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत ती माणसाच्या जठराच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवायचं काम करायची. त्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती लॅबच्या बाहेर खुर्चीवर बसली, आणि तिच्या हाताखाली काम करणाऱ्या श्रावणीला म्हणाली, जरा पाणी दे. श्रावणी पाणी घेऊन आली तेव्हा नंदा खुर्चीतून घसरलेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं दवाखान्यात सांगितलं. हे सगळं मला गाडीवर मागं बसून कळलं. वाऱ्यानं त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही.

घराशी आल्यावर शिवराज गाडीवरच बसून राहिले. "अव्वाला तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय." अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर लिंगायतांचं, घरात कन्नड चालतं, त्यामुळं आई ही अव्वा आणि वडील ते अप्पा. अव्वा स्वयंपाकघरात पाटावर बसून खात होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या जठराचा निम्म्याहून जास्त भाग काढून टाकलाय. तेव्हापासून त्यांना थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी खावं लागतं. दुधात कुस्करलेली भाकरी होती वाटीत. मी समोर बसले आणि सांगितलं. अव्वानं हातातला घास वाटीत ठेवला. त्याच्याकडं बघितलं. मग तो परत उचलला, तोंडात घातला आणि डॉक्टरांनी सांगितलंय तसा सावकाश चावला. सगळी वाटी संपवली. हात धुतले. मग विचारलं, "आनायला कोन चाललंय?"

आणायला शिवराज गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णवाहिका आली. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. थंडपेटीतून आणलेलं शरीर बसतं करायला वेळ लागला. बायकांना बाहेर जा म्हणाले, मी गेले नाही. कपाळाला विभूती लावली, हातात लिंग दिलं. हात स्वच्छ होते, नखं अगदी मुळापासून कापलेली. ती नेहमीच तशी कापायची. मी त्या नखांकडंच बघत राहिले. बाकी काय झालं, कोण कोण आलं, ते मला आजही लोकांकडून ऐकून माहीत आहे. नंदाला जाऊन आता दोन महिने होत आले. रडू आलेलं नाही. लोकांना ते विचित्र वाटतं, मलाही वाटतं.

लग्न होऊन मी अणदूरहून मुरुमला आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. नंदा माझ्याच वयाची, उमरग्याला कॉलेजात जात होती. तिनं पहिल्याच दिवशी माझी शिकवणी सुरू केली. "वैनी, हे दोन शब्द आले की या घरात उपाशी मरत न्हाईस. वाढताना नको असलं की म्हनायचं बेकू, आनि पायजे असलं की साकू." मी घोकून ठेवलं. दुपारी पंगतीला पाहुणे होते, अव्वा स्वतः वाढत होत्या. ताटात तिसरी पोळी पडली तशी मी नम्रपणे म्हणाले, "बेकू." अव्वानं चौथी वाढली. मी जरा मोठ्यानं म्हणाले, "बेकू, बेकू!" अव्वा खूश. नवी सून लाजत नाही, पोटभर जेवते, म्हणून त्यांनी वर तूपही ओतलं. समोर नंदा तोंडात पदर कोंबून हसत होती. बेकू म्हणजे पाहिजे आणि साकू म्हणजे पुरे, हे मला संध्याकाळी कळलं, तेही पोट धरून अंथरुणावर पडल्यावर. ती ओव्याचं पाणी घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसून परत हसायला लागली. त्या हसण्याचा राग धरता येत नसे. पुढं तिनंच मला खरं कन्नड शिकवलं. अव्वाशी मी आज जे बोलते, ते सगळं तिनं शिकवलेलं. इथं मी ते आपल्या मराठीत लिहिते आहे एवढंच.

अप्पांना पोटाचा त्रास होता. जेवल्यावर छातीखाली जळायचं, मग सोडा, मग कुणीतरी सांगितलेलं चूर्ण, असं वर्षानुवर्षं चालायचं. शेवटी जखम फुटून आत रक्तस्राव झाला आणि सोलापूरला नेईपर्यंत ते गेले. तेव्हा नंदा एमएस्सीला होती. पुढं ती हैदराबादला पीएचडीला लागली आणि जठरावर काम करते हे कळल्यावर गावानं तिची गोष्ट स्वतःच तयार करून टाकली. आमच्या शाळेत एकदा तिचा सत्कार ठेवला होता. मुख्याध्यापकांनी प्रास्ताविकात सांगितलं, वडिलांच्या वेदना पाहून या मुलीनं ध्यास घेतला. नंदा उठली, माईक हातात घेतला. "सर चांगलं बोलले, पण तसं काय झालं न्हाय," ती म्हणाली. "त्या वर्षी ज्या मॅडमकडं जागा मोकळी होती त्या पोटावर काम करायच्या. डोळ्यावर करत असत्या तर मी डोळ्यावर केलं असतं. पोरींनो, जागा कुठं मोकळी हाय तेवढं बघा." पोरी खदाखदा हसल्या. मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून विचारलं, मॅडम रागावल्या का? मी म्हणाले, नाही सर, ती अशीच आहे.

ती अशीच होती. साडी बरी दिसत नसेल तर तोंडावर सांगायची. दिवाळीला येणार म्हणून सांगायची आणि आदल्या दिवशी फोन यायचा, "जमत न्हाय. पेशींना खायला घालायचंय, माझ्या जागी कोन न्हाय." शिवराज चिडायचे. म्हणायचे, माणसांना सुट्टी असते, पेशींना नसते काय गं? ती म्हणायची, नसते. पोळ्याला नाही, पंचमीला नाही, चुलतभावाच्या लग्नाला नाही. शेजारच्या काकू एकदा गोड आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे की, लग्न न्हाय केलं तर काय झालं, तीच तिची लेकरं." नंदानं तिथल्या तिथं सांगितलं, "काकू, लेकरं म्हनू नका. पेशी हायत त्या. वर्षाला कितीतरी मरतात माझ्या हातनं आनि मी जेवून झोपते." काकू आठ-पंधरा दिवस आमच्याकडं आल्या नाहीत.

काम मात्र ती समजावून सांगायची, आणि चांगलं सांगायची. उन्हाळ्यात आली की अव्वा, मी आणि ती शेंगा फोडत बसायचो, तेव्हा हे बोलणं निघायचं. ऑपरेशनमध्ये जठराचा जो भाग काढून टाकतात, त्यातला निरोगी, नखाएवढा तुकडा तिच्याकडं बर्फाच्या डब्यातून यायचा. तो पुन्हा पुन्हा धुवायचा, बारीक कातरायचा, एका द्रवात ठेवून त्यातल्या ग्रंथी सुट्या करायच्या. मग त्या थंड, पातळ जेलीत मिसळून ताटलीत थेंब सोडायचे. माणसाच्या अंगाएवढ्या उबेत ते थेंब थिजतात. वरून गुलाबी द्रव घालायचा, ते त्यांचं खाणं. एक दिवसाआड ते बदलायचं. सगळं जुळून आलं तर आठवड्याभरात त्या थेंबांत बारीक बारीक गोळे दिसायला लागतात. मोबाइलवर तिनं फोटो दाखवले होते. अव्वा म्हणाल्या, "भिजवलेल्या साबुदान्यावानी दिसतंय." नंदाला ते फार आवडलं. म्हणाली, "व्हय, अगदी तसंच. आतनं पोकळ मात्र." पोटात जखमा करणारे जंतू त्यात सोडून बघता येतात, औषधं घालून बघता येतात, माणसाला त्रास न देता. अव्वानं विचारलं, "इरजन लावल्यासारखं हाय म्हन की." नंदा म्हणाली, "न्हाय, इरजनानं सगळं दूधच बदलतंय. हे फांदी खोचून झाड लावल्यासारखं. अण्णाला इचार, दहा फांद्या खोचल्या तर किती जगतात." शिवराज आतून ओरडले, "फांदीला एक दिवसाआड यावं लागत न्हाय!"

लॅबची एक सवय तिच्या अंगात भिनलेली होती. कुणी फ्रीजचं दार उघडून आत काय आहे ते बघत उभं राहिलं की ती माजघरातून किंचाळायची, "दार लाव! आधी ठरव काय पायजे, मग उघड." पाहुण्यांनासुद्धा. आमच्या घरात आजही फ्रीज कुणी दोन सेकंदांवर उघडा ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वी अव्वाचं जेवण कमी कमी होत गेलं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, मग उलटी. अंगावरचं लुगडं सैल झालं. सोलापूरला दुर्बिणीतून बघितलं तर जठरात गाठ. नंदानं त्यांना हैदराबादला नेलं, तिची संस्था ज्या दवाखान्याबरोबर काम करते तिथंच. लवकर सापडलंय, डॉक्टर म्हणाले, जठराचा बराचसा भाग काढला तर बऱ्या होतील. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही तिघं खाटेभोवती बसलो होतो. नंदा पाणी पिऊन आली, स्टूल ओढून अव्वाच्या समोर बसली, आणि घसा साफ करून एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं बोलायला लागली.

"अव्वा, उद्या जो भाग काढतील त्यात गाठीपासून लांबचा, चांगला भाग बी असंल. त्यातला एवढासा तुकडा आमच्या लॅबला देशील का? न्हाय म्हनलीस तरी चालतंय. ऑपरेशनला त्यानं काय फरक पडत न्हाय."

शिवराज ताडकन उठले. "नंदे, आई हाय का नमुना हाय गं ती तुझा?"

"आई हाय म्हनूनच इचारतीया," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुसऱ्यांच्या आयांना रोज इचारतो आमी. माझ्या आईला इचारायचं न्हाय, असं कसं?"

 शिवराज खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अव्वा शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "काढून टाकल्यालं कुठं जातंय?" नंदा म्हणाली, तपासणीला जेवढं लागतं तेवढं ठेवतात, बाकीचं जाळतात. "मग जाळन्यापरीस घे की," अव्वा म्हणाल्या. "तू बी त्याच पोटातनं आलीयास."

"ते पोट येगळं, अव्वा. ती पिशवी. हे अन्नाचं."

"मला एकच पोट हाय," अव्वा म्हणाल्या.

नंदाला हसू आलं, ती तोंड फिरवून हसली, आणि मग डोळे पुसले. मग तिनं सांगितलं की हा तुकडा ती स्वतः हातात घेणार नाही, श्रावणी घेईल. घरच्या माणसाचं असलं की डोकं ठिकाणावर राहत नाही, म्हणून. अव्वाला ते पटलं नाही. "तू का न्हाय? तुझ्या हातचं तर खाल्लं असतं त्यानं." नंदा म्हणाली, श्रावणी चांगली पोरगी आहे. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. श्रावणी बर्फाचा डबा घेऊन बाहेर थांबली होती. बारीक चणीची, चष्मेवाली, तेलुगू घरातली मुलगी. डबा घेऊन ती जवळजवळ पळतच गेली. नंदा तिच्यामागं गेली नाही. ती आमच्याबरोबर बाकावर बसून राहिली.

अव्वाचा तुकडा जगला नाही. पंचमीला नंदा चक्क आली होती, तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं मला सांगितलं. चार-पाच दिवस सगळं ठीक होतं, गोळे धरायला लागले होते, आणि मग ताटलीत पांढरे धागे दिसले. बुरशी. "लोनच्याला येते तशी?" मी विचारलं. "तशीच," ती म्हणाली. "टाकून द्यावं लागलं सगळं. नंबर असतो, नाव नसतं त्याच्यावर. पन त्या दिवशी तेवढाच एक तुकडा आल्ता, म्हनून मला कळलं. श्रावणी रडत होती." मी विचारलं, अव्वाला सांगितलंस? म्हणाली, अजून अंगात ताकद आली नाही तिच्या, जरा बरं वाटू दे, मग सांगते.

अव्वा बऱ्या झाल्या. वजन भरलं, हिंडायला-फिरायला लागल्या. नंदा रोज सकाळी फोन करायची. आज काय काय खाल्लं, कितीदा खाल्लं, सगळं विचारायची, आणि अव्वाचं सांगून झालं की त्या उलट विचारायच्या, "आनि माझं तिकडं कसं हाय गं?" फोन मोठ्या आवाजावर असायचा, मला ऐकू यायचं. नंदा म्हणायची, "बरं हाय अव्वा." कधी नुसतंच, "हाय." मी चुलीपाशी उभी असायचे. फोन ठेवल्यावर अव्वा शेजारणीला सांगायच्या, माझं निम्मं पोट हैदराबादला हाय, लेक त्याला एक दिवसाआड खायला घालते. असं वर्ष गेलं.

नंदाचं शिवगणाराधन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. एके दुपारी अव्वा म्हणाल्या, "सुमा, तिकडं आता कोन बघतंय?"

"कशाचं, अव्वा?"

"माझ्या पोटाचं. एक दिवसाआड घालायला लागतंय की त्याला."

मी म्हणाले, श्रावणी असेल. त्या "हां" म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात शिवराज आणि मी नंदाची खोली रिकामी करायला हैदराबादला गेलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. फ्रीजमध्ये सुकलेलं दही होतं आणि मी पाठवलेली शेंगाची चटणी, डबा अर्धा. मी दार उघडून उभी राहिले. बराच वेळ उभी होते बहुतेक, कारण शिवराज आले आणि त्यांनीच ते लावलं. मग आम्ही संस्थेत गेलो. श्रावणीनं तिचं टेबल आवरून ठेवलेलं होतं. एक स्वेटर, दोन पेनं, चहाचा मग. "लॅब देखेंगे?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही ती कधी पाहिली नव्हती. नंदानं बोलावलं नव्हतं असं नाही, आम्ही आलो की बाजारहाट करून परत निघायचो.

बाहेर चपला काढून आतल्या चपला घालायच्या, वरून पांढरा कोट. खोली लहान होती आणि एका यंत्राची सारखी घरघर होती. श्रावणीनं हातांवर स्पिरिट चोळलं, उबदार कपाट उघडलं, ताटली काढली आणि लगेच दार लावलं. सूक्ष्मदर्शकाखाली ताटली ठेवून तिनं शिवराजना बोलावलं. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "ये अव्वा का है?"

श्रावणीनं माझ्याकडं बघितलं. सांग, म्हणून मी मान हलवली. तिनं हळूहळू सगळं सांगितलं, बुरशी, टाकून द्यावं लागलं, मॅडम तिला एक शब्दही बोलल्या नाहीत, उलट चहा पाजला. शिवराज वाकलेलेच होते. "तुला म्हाईत होतं?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी हो म्हणाले. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "बघ तू."

मी डोळा लावला. साबुदाणाच होता... कडेला उजेड, मधे पोकळ, लहानमोठे गोळे, काही एकमेकांना टेकलेले. अगदी स्तब्ध. मी विचारलं, हे नंदानं लावलेलं आहे का? श्रावणी म्हणाली, मॅडमनी लावलं होतं त्यातूनच आलंय, पण गोळे मोठे झाले की फोडून परत नव्या ताटलीत लावावे लागतात, तसं नंतर दोनदा केलं, आता हे माझ्या हातचं म्हणायचं. इथं तरी रडू येईल असं मला वाटलं होतं. मी वाट बघितली. मग श्रावणीला म्हणाले, ठेवून दे आत, थंड होईल ते.

परतीच्या वाटेवर उमरगा आलं. तिथं चहाला थांबल्यावर शिवराज म्हणाले, अव्वाला आता कशाला सांगायचं. मी बशीत चहा ओतला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं विचारलं, "बघितलंस? कसं हाय माझं?" तेव्हा माझ्या तोंडून "बरं हाय" निघालं नाही. नंदाच्या तोंडून ते वर्षभर कसं निघत होतं, मला माहीत नाही. मी सांगून टाकलं.

अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बुरशी?" म्हणाल्या.

"व्हय."

"कवा?"

"तुमी दवाखान्यात असतानाच."

"मला का म्हनली न्हाय?"

"तुमी आजारी होता, अव्वा."

"आनि बरी झाल्यावर?"

 अंगणात कुणीतरी कोथिंबीर विकायला आलं होतं, ते ओरडून ओरडून गेलं. अव्वा म्हणाल्या, "तिला खोटं बोलता येतंय हे मला ठावं न्हवतं." रागानं नाही, लेकीची एखादी नवी गोष्ट कळल्यावर म्हणावं तसं म्हणाल्या.  संध्याकाळी शिवराज दुकानातून आल्यावर अव्वानं त्यांना हाक मारली. "शिवा, मला तपासायला न्यायचं हाय न्हवं म्होरल्या सोमवारी? दुर्बीन घालून?"

"व्हय."

"त्यात पोटाचा चिमटा काढून घेतात न्हवं?"

"तपासनीला घेतात जरासा."

"आनि एक घ्या म्हनावं त्या पोरीसाठी. हाय की अजून माझ्याकडं."

शिवराज माझ्याकडं बघायला लागले. "कशाला अव्वा आता..." एवढंच म्हणाले. भांडले नाहीत. मी श्रावणीला फोन केला.  ती म्हणाली, परवानगीचं सगळं रीतसर करावं लागेल, डॉक्टरांना विचारावं लागेल, आणि चिमट्यातून फार थोडं मिळतं, त्यातून उगवेलच असं नाही. मी अव्वाला ते तसंच सांगितलं. अव्वा म्हणाल्या, "मग? पयलं तर एवढं मोठं दिलं होतं."

सोमवारी हैदराबादला दुर्बीण झाली. जखम चांगली भरली आहे, नवीन काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अव्वाचा घसा बसला होता, त्या बाकावर टेकून बसल्या होत्या. समोरून श्रावणी आली, हातात बर्फाचा डबा, झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं. तिनं खाली वाकून अव्वाच्या पायाला हात लावला. अव्वाचं माहेर बिदरकडचं, निजामाच्या जुन्या मुलखातलं, त्यामुळं त्यांना दखनी हिंदी चांगली येते. त्यांनी डब्यावर बोट ठेवून विचारलं, "इसमेंच है?"

"हां अम्मा. आज तीन लोगों का है. नाम नहीं रहता, नंबर रहता. बाद में मैं बोल नहीं सकती, कौनसा आपका, जिया की नहीं जिया."

तिला हे सांगायचं होतं म्हणूनच ती थांबली होती, हे कळत होतं. चष्म्याआड तिचे डोळे भरून आले होते. अव्वा तिच्याकडं बघत राहिल्या.

"नक्को बोल," त्या म्हणाल्या. "किसका बी जीने दे. टैम पे खिला, बस."

श्रावणीनं मान हलवली. डबा स्कूटरवर दोन्ही पायांच्या मधे ठेवला, हेल्मेट घातलं आणि गर्दीत शिरली. आम्ही तिघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे होतो. मग शिवराज भाड्याची गाडी आणायला गेले.

आता एक दिवसाआड, सकाळी नंदाचा फोन यायचा त्या वेळेला, अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात. "सुमा, आज घालायचा दिस हाय न्हवं?" त्या विचारतात. त्या सोमवारपासून त्या मनातल्या मनात मोजत असतात, आणि चुकत नाहीत.

"व्हय अव्वा, आज हाय," मी सांगते.